पत्र्याखालची फळी

मी एक जुनी शिडाची होडी आहे. माझे नाव पाणकोंबडी. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्याच्या कडेला, उजनी धरणाचे पाणी जिथे शेतांच्या बांधाशी येऊन थांबते, तिथे एका बाभळीखाली मी पडून आहे. माझे सुकाणू आठवड्यापूर्वी निघाले. मग डोलकाठी उतरवली. फळ्या अजून बऱ्याचशा जागेवर आहेत, म्हणून आज तरी मला होडी म्हणता येते.

मित्रांनो, होडीने आपली गोष्ट सांगायची म्हणजे वाऱ्याच्या आणि लाटांच्या गमती सांगायच्या, असे तुम्हाला वाटत असेल. त्या मी थोड्या सांगेन. पण मला खरे सांगायचे आहे ते लाजेचे आहे. ते सांगितल्याशिवाय माझ्या फळ्या निघाल्या तर त्या नुसत्याच फळ्या निघतील, आणि गोष्ट तशीच आत राहील.

मला देवदत्त सरांनी बांधले. ते सोलापुरातल्या एका शाळेत मुलांना सुतारकाम शिकवत. तरुणपणी एकदा कोकणात गेले असताना त्यांनी शिडाची होडी पाहिली आणि ती त्यांच्या डोक्यातून गेलीच नाही. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई हसून म्हणाल्या, "अहो, सोलापुरात समुद्र कुठला आणायचा?"

"समुद्र नसेना का," सर म्हणाले, "उजनी आहे की!"

कुंभारी गावचे महादेवप्पा सुतार त्यांच्या मदतीला आले. ते आधी म्हणाले, "सर, मी बैलगाड्या केल्या, चौकटी केल्या, देव्हारे केले. होडीचं माप कुठनं धरायचं ते तेवढं सांगा." त्या वर्षी शहरात कुणाकुणाचे जुने हातमाग मोडीत निघत होते. त्यांचे सागवान या दोघांनी गोळा केले. माझ्या काही फळ्या आधीच वर्षानुवर्षे माणसांच्या हातांनी गुळगुळीत केलेल्या होत्या. फटींमध्ये कापूस आणि राळ भरली. जाड मांजरपाटाचे शीड वैजयंतीबाईंनी घरच्या यंत्रावर शिवले. त्यात सात सुया मोडल्या. सरांची मुलगी उर्वी तेव्हा दोन वर्षांची होती. ती माझ्या पोटात बसून भुशाचे लाडू करत असे.

ट्रकमधून मला इथे आणले, तेव्हा पाण्याकाठी कोंडीबा उभा होता. कोंडीबा आणि त्याची बायको गोदावरी मासे धरत. शिवाय रोज सकाळी वस्तीवरची मुले आपल्या डांबर लावलेल्या होडीत बसवून पलीकडच्या काठावरच्या शाळेत पोचवत आणि संध्याकाळी परत आणत. कोंडीबाने माझ्याभोवती एक फेरी मारली. माझे फुगीर पोट आणि उंच मान पाहून तो म्हणाला, "सर, ही तर पाणकोंबडी दिसतीया की वो!" सर खळखळून हसले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या अंगावर लाल रंगात तेच नाव लिहिले.

माझी देखभाल कोंडीबाकडे आली. तो मला सावलीत ओढून ठेवी, आतले पाणी उपसे, उन्हाळ्यात अंगावर ओली पोती टाकी. वारा कसा ओळखायचा तेही सरांना त्यानेच शिकवले. "पाण्यावर काळं पट्टं पळताना दिसलं, की वारं आलं समजायचं. तवा शीड सैल सोडायचं, वढून धरायचं न्हाय."

पुढची दहा वर्षे फार सुखाची होती. दिवाळीची सुट्टी लागली की सरांचे कुटुंब एसटीने येई आणि चार-चार दिवस माझ्यातच असे. रात्री काठावर तंबू ठोकायचा, सकाळी पुन्हा निघायचे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा माझ्या नाळेत, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकात, ठेवलेला असे. थंडीत गुलाबी पायांचे रोहित पक्षी उथळ पाण्यात उभे राहत. उर्वी त्यांच्यावर आकडे मोजायला शिकली. एकतीसनंतर ती नेहमी चुके. सुकाणू धरण्यात वैजयंतीबाई सरांपेक्षा हुशार होत्या, पण हे सर कबूल करत नसत. परतल्यावर गोदावरी चुलीवर मासे करी आणि वैजयंतीबाई भाकरी थापत. संक्रांतीला त्या आठवणीने गोदावरीला वाण घेऊन येत. मला तेव्हा वाटे, एका होडीत दोन घरे राहतात.

लोक माझे कौतुक करत. पक्षी बघायला आलेले पाहुणे माझे फोटो काढत. त्यामुळे मी शेफारले, हेही सांगितले पाहिजे. शेजारी कोंडीबाची डांबरी होडी उभी असे. रोज पंधरा मुले वाहून ती दमून येई, आणि मी मात्र माझ्या निळ्या रंगात, तिच्याकडे न बघता डुलत राही.

अकराव्या वर्षी माझ्या बुडाची एक फळी कुजू लागली. आतून, कुणाला दिसणार नाही अशी. ती पहिल्यांदा कोंडीबाच्या बोटाला कळली. सर आले तेव्हा त्याने त्यांना खाली वाकायला लावले.

"सर, हितं दाबून बघा. बोट आत जातंय. ह्या साली हिला पाण्यात घालू नका. महादेवप्पास्नी आणा. दोन दिसाचं काम हाय."

"बघू, दिवाळीनंतर," सर म्हणाले.

दिवाळीनंतर कोंडीबाने फोनही केला. महादेवप्पांचे हात दुसऱ्या कामात अडकले होते. जानेवारीत येतो, असे त्यांनी कळवले. तेवढ्यात डिसेंबर आला. सरांच्या शाळेचे मुख्याध्यापक बापूसाहेब चारचौघांत म्हणाले, "काय देवदत्त, साऱ्या शाळेनं तुमच्या होडीचं ऐकलंय. आम्हाला कधी बसवणार?" सर मोहरून गेले आणि "याच रविवारी" असे बोलून बसले.

शनिवारी दुपारी ते उर्वीला घेऊन आले. कोंडीबा आणि गोदावरी त्या दिवशी पाहुण्यांकडे गेले होते. सरांनी मला कलते केले, कुजलेल्या फळीवर लांबी फासली, वर वीतभर पत्रा ठेवला आणि चारी बाजूंनी खिळे मारले. मग त्यावर निळा रंग दिला. रंगाचा डबा उर्वीने धरला होता. ती बारा वर्षांची होती.

"बाबा, काका तर नको म्हणालेत ना?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. जानेवारीत फळी बदलूच."

मित्रांनो, खिळे त्या कुजक्या लाकडात घुसत होते, तेव्हा ते धरत नाहीत हे मला कळत होते. पण वरचा ताजा रंग मला आवडला. उद्या मोठी माणसे येणार, आपण छान दिसलो पाहिजे, एवढेच माझ्या मनात होते.

रविवारी सकाळी कोंडीबा परतला, तेव्हा मी पाण्यात उभी होते. त्याने विचारले, "सर, ती फळी?"

"झालं काम," सर म्हणाले.

कोंडीबाला वाटले, महादेवप्पा येऊन गेले. तो हसला आणि गोदावरीला घेऊन आपले जाळे टाकायला गेला.

माझ्यात चौघे बसले. सर, उर्वी, बापूसाहेब आणि त्यांच्या पत्नी. सकाळी पाहुण्यांबरोबर आलेल्या वैजयंतीबाई स्वयंपाकासाठी काठावर थांबल्या. अंगात घालायची तरंगती जाकिटे सरांनी बाहेर काढलीच नाहीत. बापूसाहेबांना ती घाला म्हणायचा त्यांना संकोच वाटला. तासभर सगळे छान चालले होते. मग पाण्यावर काळे पट्टे पळत आले. मी एका कुशीवर कलले, शीड ताणले, आणि बुडाशी खिळे सुटल्याचे मला जाणवले. पत्र्याची एक कड उचकटली. पाणी आत आले ते हळूहळू नाही, एकदम आले. उर्वीने तांब्याने उपसायला सुरुवात केली. बापूसाहेब घाबरून उभे राहिले आणि मी उलटले.

कोंडीबाचे जाळे जवळच होते. तो आणि गोदावरी वल्ही मारत आले. बापूसाहेबांच्या पत्नी दोनदा पाण्याखाली गेल्या. गोदावरीने त्यांचा अंबाडा धरून त्यांना वर ओढले. बापूसाहेबांचे पाय जाळ्यात अडकले होते. कोंडीबाने कंबरेचा विळा काढला आणि आपले नवेकोरे जाळे उभे कापून टाकले. सर आणि उर्वी मला धरून तरंगत होते. चौघेही वाचले.

मला ओढत काठावर आणले आणि पालथे घातले. वस्तीवरचे लोक धावत आले. बापूसाहेबांची नजर माझ्या बुडावर गेली. अर्धवट उचकटलेला पत्रा, त्याखाली काळी पडलेली फळी.

"हा पत्रा कुणी ठोकला?" ते ओरडले.

सर ओल्या कपड्यांत उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, "देखभाल कोंडीबाकडे असते."

एवढेच म्हणाले. पत्रा कोंडीबाने मारला असे काही ते म्हणाले नाहीत. पण ऐकणाऱ्यांना तेवढे पुरे झाले.

कोंडीबाच्या हातात अजून विळा होता. तो म्हणाला, "सर? सकाळी तुमीच म्हणला हुता की, काम झालं म्हणून."

"आता सरांवर ढकलतोस?" बापूसाहेब कडाडले. "माणसं मेली असती! आणि तू म्हणे मुलांना शाळेत नेतोस?"

वस्तीवरचे आईबाप एकमेकांकडे पाहू लागले. सर शर्टाची ओली बाही पिळू लागले. उर्वी ओल्या अंगाने कुडकुडत तशीच उभी होती. तिने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी तिच्याकडे पाहिले नाही. आणि मी? मी तर पालथी पडून सगळ्यांसमोर उघडी होते. मला लाज वाटायला हवी होती. खरे सांगते, मला त्या क्षणी बरे वाटले. माझे सर वाचले, असे वाटले. ज्या माणसाने मला अकरा वर्षे सावलीत ठेवले, त्याचा माझ्या मनात विचारही आला नाही.

सोमवारी सकाळी कोंडीबाच्या होडीत पंधरा मुलांऐवजी सहा मुले बसली. आठवड्यानंतर एकही नाही. लोक त्याला तोंडावर काही बोलले नाहीत. "पोराला ताप हाय," "पाव्हण्याकडं गेलाय," अशी कारणे सांगत. मग दुसऱ्या कुणाच्या होडीतून तीच मुले जाताना दिसत. पक्षी बघायला येणाऱ्यांनाही कुणीतरी आधीच सांगून ठेवलेले असे. उन्हाळ्यात कोंडीबाने आपली होडी विकली आणि तो साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोकळ्या करायला जाऊ लागला. पाण्यावरचा माणूस होता तो. कारखान्यातून परत येताना तो पाण्याकडच्या वाटेने येत नसे, लांबच्या रस्त्याने जाई.

एकदा गोदावरी एकटी माझ्याजवळ आली. तिने पत्र्यावर हात ठेवला. रंग अजून निळा होता. ती म्हणाली, "तू तरी सांग की गं. तुला तर ठावं हाय."

मी काय सांगणार होते? तिने हात काढून घेतला आणि ती गेली.

सर पुन्हा माझ्यात बसले नाहीत. महादेवप्पा जानेवारीत यायला तयार होते, पण सरांनी त्यांना बोलावलेच नाही. वर्षातून एकदा ते येत, माझ्यावर ताडपत्री टाकून जात आणि उरलेले वर्ष मी उंदीर आणि मुंग्यांच्या ताब्यात असे. माझे शीड कुजले, नाव पुसट झाले. मला वाटे, ते दुर्लक्ष करतात. आता कळते, माझ्याकडे बघण्याची त्यांना हिंमत होत नव्हती. अशी चौदा वर्षे गेली.

या दिवाळीनंतर मला निरोप द्यायचे ठरले. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला बागेत ठेवायला होडी हवी होती. लोक तिच्यात बसून फोटो काढतील, म्हणाला. सर आता निवृत्त झाले आहेत, केस पांढरे झाले आहेत. ते, वैजयंतीबाई आणि उर्वी असे तिघे आले. उर्वी आता पुण्यात नोकरी करते. वैजयंतीबाईंनी कुंकवाचा करंडा, नारळ आणि खण आणला होता. मुलीची पाठवणी करावी तशी त्यांना माझी ओटी भरायची होती. त्यांचे डोळे आधीच भरले होते.

टेम्पोत चढवण्यासाठी वस्तीवरच्या माणसांनी मला उचलून कलते केले. टेम्पोवाला खाली वाकला आणि सहज म्हणाला, "हा पत्रा कुणी मारलाय ओ?"

सोमलिंग नावाचे एक म्हातारे गृहस्थ लगेच म्हणाले, "कोंडीबानं. त्याच्या हयगयीपायीच तर बुडाली ही. पोरंबाळं नेत हुता म्हणं त्यो! नशीब आमचं."

चौदा वर्षे झाली होती, मित्रांनो, आणि ते वाक्य इतके ताजे होते की जणू कालच कुणी रंगवले असावे.

"कोंडीबाकाकांनी नाही," उर्वी म्हणाली. तिचा आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा सांगितले. "काकांनी नाही मारला. बाबांनी मारला. काका तर नको म्हणत होते. रंगाचा डबा मी धरला होता."

वैजयंतीबाईंच्या हातातला करंडा तसाच राहिला.

"काय बोलतेस उर्वी?" त्या म्हणाल्या. मग सरांकडे वळल्या. "अहो?"

सर खाली बघत होते. ते म्हणाले, "खरं आहे."

"चौदा संक्रांती गेल्या," वैजयंतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मी त्या बाईच्या दारात पाऊल ठेवलं नाही. तिच्या नवऱ्यानं माझी पोर बुडवली असती, असं मनात धरून बसले. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर जेवत होता." त्यांनी करंडा मिटला, नारळ आणि खण पिशवीत टाकला. माझी ओटी भरायची राहिली. मला ती नकोच होती.

सरांनी टेम्पो परत पाठवला. उर्वी जाऊन कोंडीबाला आणि गोदावरीला घेऊन आली. कोंडीबा खूप वाळला आहे. खांद्यावर टॉवेल, पायांत कारखान्याचे बूट. सगळ्या लोकांसमोर सरांनी हात जोडले. पत्रा आपण मारला, फळीचे कोंडीबाने दोनदा सांगितले होते, त्या दिवशी आपण सगळ्यांसमोर खोटे वागलो, हे त्यांनी एकेक करून सांगितले. शेवटी ते म्हणाले, "ही होडी तू घे, कोंडीबा. दुरुस्त करून देतो. तुझ्या नावावर करतो."

कोंडीबा माझ्याजवळ आला. त्याने जुन्या सवयीने फळ्यांवरून बोट फिरवले. मग तो म्हणाला, "नको सर. तुमची शरम माझ्या दारात कशाला बांधता?"

"मग मी काय करू? तू सांग."

"मी काय सांगू? पंधरा पोरांच्या आईबापास्नी वाटलं, ह्यो माणूस आमची लेकरं बुडवील. ते त्यांच्या मनात तुमच्या एका बोलानं गेलं. काढायचं आसंल तर घरोघर जावा आन् काढा. मला हात जोडून काय उपेग?"

वैजयंतीबाई गोदावरीपुढे जाऊन उभ्या राहिल्या, पण तिचा हात धरायचे धाडस त्यांना झाले नाही. गोदावरीने पदर सावरला आणि ती नवऱ्याच्या मागे चालू लागली.

त्या दिवसापासून सर सोलापूरला गेले नाहीत. इथेच एका खोलीत राहतात. सकाळी वस्तीवर जातात, एका घराच्या दारात उभे राहतात आणि सांगतात. दुपारी येऊन माझे खिळे काढतात. मला बागेत उभे करायला त्यांचे मन धजावले नाही. चांगल्या फळ्या वस्तीवर ज्याला हव्या त्याने न्याव्यात, असे ठरले आहे. एका घराने त्यांना चहा दिला. एका घराने दार लावून घेतले. त्या पंधरा मुलांपैकी एकजण आता ट्रॅक्टर चालवतो. तो म्हणाला, "काकांच्या होडीत लई मजा यायची. आईनं का बंद केलं, ते आज कळलं."

परवा सर पहिली फळी काढायला बसले, तेव्हा पकड घसरून लाकूड फुटू लागले. त्यांचे हात आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. कोंडीबा कारखान्यातून येत होता. खूप वर्षांनी तो पाण्याकडच्या वाटेने येत होता. तो थांबला, जवळ आला आणि सरांच्या हातातून पकड घेतली.

"आसं वढू नका. आदी मागनं ठोकायचं, मग फिरवत काढायचं." त्याने एक खिळा काढून दाखवला, पकड परत दिली आणि तो निघून गेला. क्षमा केली, असे तो म्हणाला नाही. आजवर म्हणालेला नाही.

माझ्या बुडाची ती फळी सरांनी सगळ्यात आधी काढली. पत्रा तिच्यावर तसाच आहे.

मित्रांनो, तुमच्याजवळ जे काही असेल, सायकल, घड्याळ, छत्री, ते जपा. त्याला तेल द्या, सावली द्या. आणि त्याला जी माणसे जपतात, त्यांनाही जपा. वस्तू कुजली तर दोन दिवसांत दुरुस्त होते. माझीही झाली असती. पण चूक तुमच्या हातून झाली असेल, तर ती त्याच दिवशी, त्याच जागी, त्याच माणसांसमोर सांगून टाका. अंगावरचे कपडे ओले असतील, आवाज फुटत नसेल, तरी सांगा. उशीर केला की मग घरोघर जावे लागते.

सरांची आतापर्यंत नऊ घरे झाली. सहा राहिली आहेत. त्यातल्या दोन घरांतली म्हातारी माणसे कोंडीबाला बोल लावतच वारली. बापूसाहेबही तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या दारात आता कुणाला जाऊन सांगायचे, हे सरांना कळत नाही, आणि मलाही नाही.